वारंगा फाट्यावरचा मुक्काम

मालट्रकच्या नोंदणीपत्रात बसण्याच्या क्षमतेशेजारी झोपण्याच्या क्षमतेचाही रकाना असतो. रिकामं वजन, भरलेलं वजन, चासी नंबर, इंजिन नंबर यांच्या गर्दीत तो सहसा कोणी वाचत नाही. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरच्या राहत्या जागेची सरकारदरबारी नोंद म्हणावी तर ती एवढीच. बाकी सगळा कागद गाडीचा आणि मालाचा.

ही राहती जागा हिंगोली जिल्ह्यात पाहायची असेल तर दिवेलागणीला कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर जावं. अकोला, वाशीम, हिंगोली करत नांदेड-देगलूरमार्गे तेलंगणातल्या संगारेड्डीला जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरच्या बाजूला जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. उत्तरेचा माल दक्षिणेत आणि दक्षिणेचा उत्तरेत याच वाटेने जातो. त्यामुळे ढाब्यासमोरच्या मुरमाड मैदानात हरियाणा, राजस्थान, तमिळनाडू, तेलंगण अशा साऱ्या पासिंगच्या गाड्या शेजारी शेजारी लागलेल्या दिसतात. त्यात आपल्याकडचे दहा टायर, बारा टायर, चौदा टायरही असतात. कोणाच्या केबिनला पडदे ओढलेले, कोणाच्या डाल्याच्या सावलीत स्टोव्ह पेटलेला, कोणी टपावर चढून ताडपत्रीची रस्सी आवळतोय.

हिंगोली जिल्हा तसा लहान. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. मोठे उद्योग नाहीत, पण शेतमाल भरपूर आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात उन्हाळ्यात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. वसमत-कळमनुरीकडची केळी उत्तर भारतात जातात, सोयाबीन तेलगिरण्यांकडे जातं. पिकतं इथे आणि खपतं लांब, आणि मधलं अंतर ट्रकवाला राहून काढतो. मी 'राहून' म्हणतो ते जाणूनबुजून. कारण ड्रायव्हर एक फेरी करून घरी येतो, चार दिवस राहतो आणि पुन्हा निघतो, असं आपल्याला उगाच वाटत असतं.

तसं का होत नाही, ते समजायला भाड्याचं गणित पाहावं लागतं. हिंगोलीहून हळद भरून गाडी दिल्लीला गेली. तिथून रिकामी परत आणायची तर डिझेल, टोल आणि टायरची झीज सगळी मालकाच्या अंगावर. म्हणून परतीचं भाडं मिळेपर्यंत गाडी दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्टनगरसारख्या ठिकाणी उभी राहते. दलाल भाडं आणतो. ते महाराष्ट्राचं असेलच असं नाही. कानपूरचं निघालं तर कानपूर, तिथून गुवाहाटीचं निघालं तर गुवाहाटी. गाडी माल सापडेल तिकडे जाते आणि ड्रायव्हर गाडीमागे. गाडी लहान मालकाची असली तर बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो, गाडी उभी राहिली म्हणून तो थांबत नाही. पगाराच्या जोडीला ड्रायव्हरला रोजचा किंवा फेरीचा भत्ता असतो आणि तोही गाडी फिरली तरच. दिवाळीला घरी येणारा माणूस मग थेट अक्षयतृतीयेला दिसतो.

आता केबिन. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांचं तोंड चपटं असतं. इंजिन पुढे नाकात नसून केबिनच्या खाली, दोन सीटांच्या मधोमध असतं. त्यामुळे गाडीची लांबी वाचते, तेवढाच माल जास्त बसतो आणि अरुंद रस्त्यावर वळणं सोपं जातं. पण तापलेल्या इंजिनाची धग सरळ वर येते आणि गाडी बंद केली तरी बराच वेळ निवत नाही. मे महिन्यातल्या मराठवाड्यात, जिथे पत्र्यालाही हात लावता येत नाही, तिथे ही वरून ऊन आणि खालून इंजिन अशी खोली होते. सीटच्या मागे आडवी फळी, तिच्यावर गादी. रुंदी एका कुशीची. डोक्यावरच्या फडताळात कपड्यांची पिशवी, बिल्टी, गाडीचे कागद, गोळ्यांची पाकिटं. समोर काचेवर देव, खाली चार्जिंगला लावलेला मोबाइल. बाहेरच्या पेटीत जॅक-पान्याशेजारी स्टोव्ह, परात, तवा, मिठामिरचीचे डबे. आमच्याकडचा ड्रायव्हर घरून ज्वारीचं पीठ आणि ठेचा घेऊन निघतो आणि पीठ संपलं की त्याचा प्रदेश संपला असं समजावं. पुढे ढाब्याची रोटी आणि डाळ. तमिळनाडूचे ड्रायव्हर मात्र गाडीच्या सावलीत स्वतःचा भात रांधायला कंटाळत नाहीत. पंजाबकडचे अनेक जण या वाटेने आले की नांदेडच्या हुजूर साहिबला माथा टेकतात आणि लंगरमध्ये जेवतात. एका वाटेवर अशी निदान तीन राज्यांची जेवणं दिसतात.

पाणी हा या घरातला सगळ्यात अवघड विषय. आंघोळ पेट्रोलपंपाच्या किंवा ढाब्याच्या नळावर, बहुधा उघड्यावर. संडासासाठी पंपवाल्याची मर्जी. लघवीला थांबावं लागू नये म्हणून कमी पाणी प्यायची सवय कित्येकांना लागते. त्याला जोड तासन्‌तास बसून राहण्याची आणि अवेळी तिखट-तेलकट खाण्याची. पित्त, मूळव्याध, पाठ, मुतखडा, साखर ही नावं कुठल्याही ट्रान्सपोर्टनगरात औषधांच्या दुकानाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तरी ऐकू येतात.

या जगण्यातला एक आजार मात्र देशाने गांभीर्याने मोजला. एचआयव्हीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लांब पल्ल्याचे ट्रकचालक हा वेगळा गट धरला गेला, ट्रान्सपोर्टनगरांमध्ये आणि महामार्गांवरच्या थांब्यांवर त्यांच्यासाठी दवाखाने उघडले गेले. २०१०-११ च्या पाहणीत या गटात एचआयव्हीचं प्रमाण २.५९ टक्के होतं, २०१७ मध्ये ते ०.८६ टक्क्यांवर आलं. सर्वसाधारण प्रौढांपेक्षा हा आकडा अजूनही जास्त आहे, पण उतार मोठा आहे. मला यात एक गोष्ट खटकते. ड्रायव्हरकडून इतरांना रोग पसरेल म्हटल्यावर यंत्रणा फाट्यापर्यंत पोहोचली. त्याची पाठ आणि त्याची झोप यातून दुसऱ्या कोणाला लागण होत नाही, म्हणून ती त्याची त्यानेच सांभाळायची.

झोपेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

केबिनमधली रात्र म्हणजे विश्रांती असं कागदावर धरलं जातं. प्रत्यक्षात ती राखण असते. डिझेलच्या टाकीला नळी लावून चोरी होते, मागून ताडपत्री फाडून पोती ओढली जातात, स्टेपनी जाते. माल कमी भरला तर पहिला सवाल ड्रायव्हरला. म्हणून तो झोपतो तो एक कान टाकीकडे ठेवून. त्या राखणीचे पैसे त्याला वेगळे मिळत नाहीत.

पूर्वी निदान कागदोपत्री दोन माणसं असत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये राष्ट्रीय परवान्याच्या मालगाडीवर किमान दोन ड्रायव्हर असावेत, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे गाडीच्या पूर्ण रुंदीची अशी जागा असावी की जादा ड्रायव्हरला अंग पसरून झोपता येईल, असं लिहिलं होतं. ती फळी आली ती या नियमाच्या पोटी. ती एकट्याच्या मुक्कामासाठी नव्हती. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने झोपायचं, यासाठी होती. व्यवहारात दुसरा ड्रायव्हर बहुतेक वेळा क्लीनरच असायचा, पण तोही चहा करायचा, मागचं बघायचा, झोप येऊ नये म्हणून बडबडायचा, आणि चार-पाच वर्षांत स्टिअरिंगवर बसायला शिकायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरची अट काढून टाकली गेली. रस्ते सुधारले, ड्रायव्हर मिळेनासे झाले, ही कारणं खोटी नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रकांची वजनमर्यादाही वाढवली होती. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीची १६.२ टनांवरून १८.५ टन, तीन अ‍ॅक्सलची २५ वरून २८.५ टन. थोडक्यात, एकाच वर्षी गाडीवर ओझं वाढलं आणि माणूस कमी झाला. क्लीनरला पगार द्यायला मालक आधीपासूनच नाखूश होते. आता फाट्यावर पाहिलं तर बऱ्याच केबिनमध्ये एकच माणूस दिसतो.

या एकट्या माणसाच्या भोवती घड्याळं मात्र वाढत गेली. जीएसटीबरोबर विक्रीकराचे नाके गेले आणि रांगेतले तास वाचले, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या जागी १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आलं. त्याच्या मुदतीत आधी १०० किलोमीटरला एक दिवस मिळे. १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाला. हिंगोली ते दिल्ली साधारण साडेबाराशे किलोमीटर धरलं तर सात दिवस. ऐकायला हे ऐसपैस वाटतं. पण घाटात गाडी बसली, पाटा तुटला, शहराच्या वेशीवर दिवसाची प्रवेशबंदी लागली, तर मुदत सरत जाते. ती वेळेत वाढवून घेतली नाही आणि गाडी पकडली गेली तर दंड मोठा आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गाडीने नाका ओलांडला की पैसे कापल्याचा निरोप मालकाच्या मोबाइलवर जातो. जीपीएसवर ठिपका थांबला की फोन येतो, 'काय झालं, का थांबला?' माल कुठे आहे, डिझेल किती उरलं, गाडी किती वेगाने चालली आहे, हे सगळं आज मिनिटामिनिटाला कळतं. ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला, हे सांगणारा कागद कुठेच नाही.

आणि ते कळण्याची गरज किती आहे, हे विज्ञानाने केव्हाच दाखवलंय. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात आणि डोळे यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी बिघडते आणि २४ तास जागल्यावर ती जवळपास ०.१० टक्क्यांची होते, असं त्यांना आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहानंतरही गाडी हाकणारा, थेंबही न घेतलेला ड्रायव्हर कायद्याच्या मापाने प्यायल्यासारखाच असतो. फुंकायच्या यंत्रात तो पकडला जात नाही, इतकाच फरक. शरीराचं आतलं घड्याळ पहाटे दोन ते पाचच्या सुमाराला आणि दुपारच्या जेवणानंतर मंदावतं. तेव्हा डोळे उघडे ठेवूनही मेंदू दोन-चार सेकंद बंद पडू शकतो. ताशी ६० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी ६५ मीटरहून जास्त अंतर कापते, तेही कोणी न चालवता. चहा, तंबाखू, गुटखा, मोठ्याने गाणी यांनी थोडा वेळ निभावतं. त्यावर खरा उपाय झोप हाच.

सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये दहा शहरांतल्या बाराशेहून अधिक ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला सरासरी १२ तास आणि ४१७ किलोमीटर गाडी चालवावी लागते, असं त्यात निघालं. थकलेले असताना किंवा झोप येत असताना गाडी चालवतो, असं जवळपास निम्म्यांनी सांगितलं.

कायदा नव्हता असं नाही. १९६१ मध्येच संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने दहा तास आणि आठवड्याला ५४, त्याहून जास्त नाही. पाच तासांनंतर विश्रांती, आठवड्याची सुट्टी, सगळं त्यात होतं. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमाला लागू होता. आपल्याकडचे बहुसंख्य मालक एक-दोन गाड्यांचे, कित्येकदा मालकच ड्रायव्हर. त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत तो विलीन केला गेला. फाट्यावर त्याची आठवण काढणारा मला कोणी भेटलेला नाही.

युरोपीय संघाने याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. तिथे दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यात फार तर दोनदा दहा. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची सुट्टी. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात आपोआप नोंदलं जातं आणि रस्त्यावर तपासलं जातं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घ्यायला तिथे मनाई आहे. ती पलंग, संडास, न्हाणी असलेल्या जागी घ्यावी लागते आणि खर्च मालकाचा. २०२० च्या सुधारणेनंतर, साधारण चार आठवड्यांतून एकदा तरी ड्रायव्हरला घरी जाता यावं अशी कामाची आखणी करणं मालकाला बंधनकारक झालं. तिथल्या केबिन आपल्यापेक्षा कितीतरी ऐसपैस, फ्रिज असलेल्या. तरीही कायदा म्हणतो, हे घर नव्हे. अमेरिकेत मात्र केबिनमधल्या झोपेला मान्यता आहे. तिथे अकरा तास चालवल्यावर सलग दहा तास कामाबाहेर राहावं लागतं आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. दोन्हीकडे मापाचा विषय झोप आहे. आपल्याकडे माल.

आपल्याकडे सुधारणा आली ती गारव्याच्या रूपाने. साडेतीन टनांवरच्या नव्या मालट्रकांच्या केबिनला २०२५ पासून वातानुकूलन सक्तीचं झालं आहे. चालत्या गाडीत याचा फायदा निश्चित आहे, कारण उन्हाने थकवा वाढतो. पण गाडी थांबली, इंजिन बंद केलं, की गारवाही बंद. रात्रभर इंजिन चालू ठेवायचं तर डिझेल कोणाचं? ज्याला डिझेलच्या सरासरीचा हिशेब द्यायचाय तो पडदे उघडून डास मारत पडेल. जागेपणी गार आणि झोपताना तापलेली अशी ही खोली राहणार. शिवाय रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही, आणि ट्रक आपल्याकडे पंधरा वर्षं सहज चालतो.

या भागाला माल घेऊन फिरणारी माणसं नवी नाहीत. हिंगोली, वाशीम, यवतमाळच्या तांड्यांमधल्या बंजारा समाजाचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या लदेणी करत, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. असा तांडा समोरून आला की वाट मोकळी व्हायला दोन-तीन दिवस थांबावं लागे. ही माणसं घरात राहत नाहीत, बायकामुलं सोबत घेऊन चालतात, हेही त्याने टिपलंय. लदेणी रेल्वे आणि पक्क्या सडकांनी मारली. गुन्हेगार जमाती कायद्याने उरलीसुरली पत घालवली. त्या जगण्याची महती गाण्याचं कारण नाही, हाल तिथेही होते. पण तिथे माल नेणारा सगळं घर घेऊन चाले. ट्रकने घर गावात ठेवलं आणि माणूस तेवढा नेला. आज सेनगाव-औंढ्याकडच्या तांड्यातला एखादा तरुण स्टिअरिंगवर बसतो तेव्हा त्याची बायको ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात असते आणि मुलं आजीपाशी. सगळ्यांची भेट रात्री नऊला मोबाइलच्या पडद्यावर.

परमुलखात एकटा असण्याची भीती काय असते, ते १ जानेवारी २०२४ ला देशाला दिसलं. नव्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) कलमात, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, महाराष्ट्रात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी केंद्रीय गृहसचिवांशी बोलणी झाली, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना न्याय हवाच आणि पळून जाणं समर्थनीय नाहीच. पण भाषा न कळणाऱ्या गावात जमावासमोर एकटं उभं राहायचं, सोबत क्लीनरही नाही, ही ड्रायव्हरची बाजूही खरी होती. ती ऐकायला पंप कोरडे पडावे लागले.

मुक्कामाच्या सोयी थोड्या वाढल्या आहेत. सरकारी तेल कंपन्यांनी काही मोठ्या पंपांवर 'अपना घर' नावाची विश्रांतिगृहं काढली आहेत. तिथे खाट, न्हाणी, संडास आणि स्वतः रांधायची जागा असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार केंद्रं बांधायची घोषणा केली. चांगलं आहे. मात्र गाडी राखायला कोणी नसेल तर ड्रायव्हर खाट सोडून पुन्हा केबिनमध्येच जाऊन झोपेल. कुंपण, दिवे आणि रात्रीचा पहारेकरी असलेलं वाहनतळ हे खाटेइतकंच महत्त्वाचं आहे.

दिल्लीचे निर्णय होतील तेव्हा होतील. काही गोष्टी मात्र हिंगोलीच्या हातातल्या आहेत. हळदीच्या हंगामात मोंढ्यात गाडी भरायला नंबर लागतो आणि ड्रायव्हर दिवस दिवस यार्डाबाहेर थांबतो. ज्या वेळात तो निवांत झोपू शकला असता, तो वेळ रांगेत गाडी पुढे-पुढे सरकवण्यात जातो. मग हमाल दुपारी चारला पोती चढवतात, सहाला काटा होतो, आणि व्यापारी म्हणतो, निघा, माल परवा पोहोचला पाहिजे. त्या रात्रीच्या अपघाताचं मूळ दुपारच्या त्या रांगेत असतं. बाजार समितीने गाड्यांना वेळ ठरवून द्यावी, यार्डात चार न्हाण्या, चार संडास आणि एक सावलीची शेड ड्रायव्हरांसाठी राखावी. व्यापाऱ्यांनी माल पोहोचवायची वेळ सांगताना त्यात आठ तासांची झोप धरावी. गाडी संध्याकाळी भरून झाली असेल, तर तिला सकाळी निघू द्यावं.